काळ्या डोंगराखालचं घर

सान मातेओ, १२ जानेवारी २०१४

ताई,

तुझं नाताळचं पत्र तीन राजांचा सण उलटून गेल्यावर मिळालं. पोस्टमन आमच्या गावापर्यंत चढत नाही. सेर्दानच्या एका दुकानात टपाल टाकून जातो आणि दुकानदारीण तिला आठवण झाली की देते. एरवी वर्षाला तुझं एक पत्र येतं, त्यात आशीर्वाद आणि दोन ओळी हवापाणी. यंदा चार पानं, आणि वर दर महिन्याला लिहीत जा म्हणून दटावणी. मठाच्या भिंतीआड तुला अचानक माझी एवढी काळजी का वाटायला लागली, कळलं नाही. पण आईबाबा गेल्यापासून मला दटावणारं कुणी उरलं नव्हतं. बरं वाटलं.

मी डोंगरावर नेमकं करतो काय, असं विचारलंयस. बाबांना शेवटपर्यंत वाटायचं की मी वर रेडिओ स्टेशन चालवतो, आणि चांगली गाणी का लावत नाही म्हणून ते माझ्यावर रुसायचे. तर ऐक. काळ्या डोंगराच्या अगदी डोक्यावर आमची तबकडी आहे, गावच्या चौकाएवढी रुंद. ती अख्खी फिरते, वाकते, आभाळाकडे तोंड करते. तिला दुर्बीण म्हणतात, पण डोळा लावायला तिला भोक नाही. ताऱ्यांच्या मधल्या अंधारात गार वायू आणि धूळ असते, ती कुठल्याच डोळ्याला दिसत नाही. तिच्यातून मिलिमीटरभर लांबीच्या लहरी निघतात, अगदी क्षीण. त्या आम्ही पकडतो. हवेतली वाफ त्या वाटेतच पिऊन टाकते, म्हणून एवढ्या उंचावर जायचं, जिथे माणसाला धाप लागते पण हवा कोरडी असते. कुठे बघायचं ते शास्त्रज्ञ सांगतात. मी तबकडी तिकडे वळवतो, वाऱ्यावर आणि बर्फावर लक्ष ठेवतो, आणि गप्प बसतो. पकडणारं यंत्र गार राहावं म्हणून एक पंप चालू असतो, त्याची छुक्छुक् तेवढी कधी थांबत नाही.

घरी सगळं ठीक. बेनिताने सणाचा गोल पाव भाजला होता. त्यातली बाहुली नेमकी माझ्या तुकड्यात निघाली, म्हणजे आता गावाला तमाले खाऊ घालणं माझ्या डोक्यावर. यारेली हसून हसून खाली बसली. एप्रिलमध्ये तिचा पंधरावा वाढदिवस, मुलगी वयात आल्याचा मोठा सोहळा. त्याच्या तयारीवरून दोघींनी आतापासून माझं डोकं खाल्लंय.

तुझा,
ओदी


पुएब्ला, २० फेब्रुवारी २०१४

ओदी,

मदर आमची सगळी पत्रं आधी वाचते, हे तू विसरला असशील. या वेळी तिने वाचलं आणि करमणुकीच्या तासाला सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवायला लावलं. आम्ही नऊ जणी उरलोय, त्यात चौघींना नीट ऐकू येत नाही, त्यामुळे दोनदा वाचावं लागलं. सिस्टर एदुविहेस नव्वदीची आहे. तिने विचारलंय, की एवढी मोठी तबकडी आहे तर तिच्यात स्वर्गात न पोचलेल्या आत्म्यांचं काही ऐकू येतं का. तिचा भाऊ फार दारू प्यायचा, तिला त्याची चौकशी करायची आहे. काहीतरी मायेचं उत्तर पाठव.

तुझी तबकडी मी पाहिली. गच्चीवर चादरी वाळत घालताना, हवा स्वच्छ असली की पूर्वेला तुमचे दोन्ही डोंगर दिसतात, पांढरा आणि काळा. काळ्याच्या टोकावर एक ठिपका चमकतो. इतकी वर्षं मी त्याला साचलेलं बर्फ समजत होते.

पाव बेनितानेच भाजला ना? तिची कंबर दुखायची, आता कशी आहे? यारेली शाळेत कुणाबरोबर जाते? हे विचारते कारण मला कळायला हवंय. आणि एक सांगते. मला फक्त चांगल्याच बातम्या हव्यात असं नाही, ओदी. मठात बसलेल्या बाईला जगातलं वाईट झेपत नाही असं बाहेरच्यांना वाटतं. आम्ही दिवसाचे सात तास दुसरं काय ऐकत असतो? लोक दारातल्या फिरत्या कपाटात अंडी ठेवतात आणि मागून आपली दुःखं सांगतात. नवरा मारतो, मुलगा बेपत्ता आहे. आम्ही सगळं ऐकतो आणि त्या अंड्यांची गोड दारू, रोम्पोपे, करून विकतो.

उपासाचे चाळीस दिवस आम्ही पत्रं लिहीत नाही. तू मात्र लिहिलंस तर मदर जपून ठेवेल आणि ईस्टरला देईल. डोकं दुखतं का रे तुझं, एवढ्या उंचावर?

तुझी,
ताई


सान मातेओ, ४ मे २०१४

ताई,

उपासाच्या दिवसांत लिहिलं नाही, कारण मी वरच होतो. हिवाळा सरताना आमच्याकडे सगळ्यात चांगलं आभाळ मिळतं आणि पाऊस लागला की संपतं. दोघे सहकारी नवे बाप झालेत, त्यांच्या पाळ्या मी घेतल्या. डोकं सगळ्यांचंच दुखतं, त्याचं काही नाही. सिस्टर एदुविहेसला सांग, की आत्म्यांचा आवाज कोणत्या लहरीवर येतो ते अजून कुणाला माहीत नाही, पण जिथे सगळ्यात काळोख आहे तिथेच नवे तारे जन्मतात, हे आम्ही रोज बघतो. तिच्या भावाला काळोखात टाकलं असलं तरी घाबरू नको म्हणावं.

आता मुख्य बातमी. गेल्या शनिवारी यारेलीच्या पंधराव्याचा सोहळा झाला. ताई, तू असायला हवी होतीस. पोशाख निळा, घेर एवढा की चर्चच्या दारातून तिला तिरकं आत न्यावं लागलं. मिस्सा झाल्यावर शाळेच्या आवारात मांडव घातला. बेनिताच्या भावाने चार मेंढ्या खड्ड्यात भाजल्या, माझे वरचे सहकारी आले, आमची खगोलशास्त्रज्ञ शिमेना उंच टाचांचे बूट घालून आली आणि चिखलात रुतली. मग वॉल्ट्झ. बापाने पहिला नाच करायचा, तर मला पाय कुठे ठेवायचे कळेना. यारेली कानात म्हणाली, 'बाबा, माझ्याकडे बघ, जमिनीकडे नको.' बेनिता रडली. निघताना म्हातारे कोतारे सुद्धा म्हणाले, गावात असा सोहळा बऱ्याच वर्षांत झाला नव्हता.

फोटो काढले आहेत, धुऊन आले की पाठवतो.

ओदी


पुएब्ला, १४ मे २०१४

ओदी, माझ्या भावा,

हे पत्र मी तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. मदर म्हणाली, आता पाठव, कागद संपत आलाय.

बेनिता मला भेटायला आली होती. गेल्या नोव्हेंबरात, मृतांचा सण झाल्यानंतरच्या आठवड्यात. भेटीच्या खोलीत जाळीच्या पलीकडे ती बसली, यारेली शेजारी उभी. दोघींच्या पाठीवर पिशव्या होत्या. तिने सांगितलं की त्या उत्तरेला चालल्या आहेत, न्यू जर्सीला तिच्या बहिणीकडे, आणि ज्या वाटेने चालल्या आहेत त्या वाटेने परत येता येत नाही. तिने तुझी निंदा केली नाही. एवढंच म्हणाली, 'तो खाली असतो तेव्हाही वरच असतो. मी किती वर्षं वर बघत बसू?' तुला बरोबर चल म्हणून तिने विचारलं होतं, आणि तू हंगाम संपू दे म्हणालास. आणि जाताना तिने जाळीला हात लावून मला सांगितलं, की त्याला लिहीत जा, तो कुणाशी बोलणार नाही.

म्हणून चार पानं, ओदी. म्हणून दटावणी.

मी तेव्हाच का नाही सांगितलं? मला वाटलं, तू सांगशील. वाट करून द्यावी म्हणून मी बेनिताच्या कंबरेची चौकशी केली. तू त्या वाटेने आलाच नाहीस. तरी मी गप्प राहिले असते. पावातली बाहुली मला चालली. पण हा सोहळा नाही चालला. त्या शनिवारी यारेलीने मठाच्या दारावर फोन केला होता. दारावरच्या सिस्टरने निरोप आणला, की भाचीचा आज पंधरावा वाढदिवस आहे, आत्याने तिच्यासाठी प्रार्थना करावी, आणि बाबांचा फोन लागत नाही. तिची आई दोन ठिकाणी काम करते, त्यामुळे केक दुसऱ्या दिवशी कापणार होते.

तुझं पत्र मी कुणालाच वाचून दाखवलं नाही. एदुविहेसला तिच्या भावाचा निरोप तेवढा दिला. ती फार वेळ हसत होती.

मी रागावलेली नाही. तू एवढा मोठा मांडव एकट्याने घातलास, त्यात माणसं बसवलीस, त्यांना जेवू घातलंस. तो कशासाठी, ते मला कळतं. पण आता खरं लिही. चार ओळी पुरे.

ताई


पुएब्ला, २ जून २०१४

ओदी,

तुझं काही आलं नाही. दुकानदारीण विसरली असेल असं स्वतःला समजावते. गच्चीवरून डोंगर दिसत नाही, ढग उतरलेत.

शिव्या लिहून पाठव. मदरची काळजी करू नकोस, तिने त्याही वाचल्या आहेत.

ताई


सेर्दान, २३ जून २०१४

आदरणीय सिस्टर,

आपली ओळख नाही. मी शिमेना त्लातेल्पा, डोंगरावरच्या दुर्बिणीवर खगोलशास्त्रज्ञ आहे. ओदिलोन आमच्याकडे दहा वर्षं काम करतो. 'अडचणीच्या वेळी कुणाला कळवायचं' तिथे त्याने एकच नाव दिलंय, ते आपलं.

तो जिवंत आहे हे आधी सांगते. त्याच्या फुफ्फुसांत पाणी भरलं होतं. गेले दोन महिने तो खोकत होता आणि आम्हाला धुळीचा त्रास म्हणून सांगत होता. वर जाण्याआधी सगळ्यांची तपासणी होते, पण त्याला सगळे इतकी वर्षं ओळखतात की तो बोलता बोलता पुढे सरकायचा. पाळी संपली की घरी जाऊन झोपतो म्हणायचा. आता कळतंय की तो वाटेत आपल्या गाडीतच झोपायचा, साडेचार हजार मीटरच्या खाली फारसा उतरतच नव्हता. गेल्या मंगळवारी सकाळी आकाश उघडलं, पावसाआधीचं शेवटचं. त्याने माझ्यासाठी तबकडी वळवली, आकडे वाचून दाखवले. मग तोच आकडा पुन्हा वाचला, पुन्हा वाचला. मी वळून पाहिलं तर ओठ निळे होते. त्याला ऑक्सिजन लावून खाली आणताना तो सारखं एकच म्हणत होता, की यंत्र बंद करू नका, पंप चालू राहू द्या.

डॉक्टर म्हणतात वाचेल, पण परत वर कधीच जायचं नाही. हे त्याला मीच सांगितलं. तो भिंतीकडे वळला. त्यानंतर तो कुणाशी बोललेला नाही. जेवतही नाही.

मी त्याला विचारलं, बायकोला कळवू का. आम्हा सगळ्यांना वाटत होतं की त्या दोघी घरी आहेत. त्याने तेव्हा ज्या नजरेने पाहिलं, त्यावरून मला समजलं. आपण बाहेर पडू शकत नाही हे मला माहीत आहे. तरी कळवणं माझं काम होतं.

आपली,
शिमेना


पुएब्ला, २६ जून २०१४

शिमेनाबाई,

हे पत्र आमच्या दारावरच्या सिस्टरच्या पुतण्याबरोबर पाठवते, म्हणजे आजच पोचेल. जवळचं माणूस मरणाच्या दारात असेल तर बिशपांच्या परवानगीने आम्हाला बाहेर पडता येतं. मदरने फोन केला. बिशपांच्या चिटणिसाने विचारलं, की भाऊ मरणाच्या दारात आहे का, की बरा होतोय. मदर म्हणाली, 'दोन्ही.' परवानगी मिळाली.

शनिवारी सकाळी येते. त्याला आधी सांगू नका, नाहीतर तो झोपेचं सोंग घेईल. लहानपणापासूनची सवय आहे.

सिस्टर मारिया दे ला लूस
(ओदीची ताई, एउफ्रोसिना)


सान मातेओ, २० जुलै २०१४

ताई,

दवाखान्यातून घरी येऊन आठवडा झाला. मेच्या तुझ्या पत्राला उत्तर द्यायचं राहिलंय, ते देतो.

खरं आहे. सगळं खरं आहे.

तू मठात गेलीस तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो आणि तुला मी कधी माफ केलं नव्हतं, हे तुला माहीत आहे. वीस वर्षांत एकदाही जाळीपाशी आलो नाही. आणि तू बसमध्ये उलट्या करत, त्या काळ्या झग्यात घामाघूम होऊन माझ्या खाटेपाशी उभी राहिलीस आणि पहिलं काय म्हणालीस, तर 'सरक.' खाटेवर बसायला जागा हवी होती तुला. मग तू संत्री सोलत बसलीस. पहिला दिवस एक शब्द नाही. नर्सला वाटलं तुझं मौनव्रत आहे. दुसऱ्या दिवशी मी म्हणालो, की मी त्यांना सोडलं नाही, त्या मला सोडून गेल्या. तू फोड माझ्या हातात दिलीस आणि म्हणालीस, 'तू सोडून गेला नाहीस, ओदी. तू फक्त खाली उतरला नाहीस. त्यांच्या बाजूने बघितलं तर दोन्ही सारखंच दिसतं.' त्या वेळी तुला खोलीबाहेर घालवावंसं वाटलं. मग मी ती फोड खाल्ली.

माझे कपडे आणायला तू घरी जाऊन आलीस आणि मला काही बोलली नाहीस. पण तू पाहिलं असणार. स्वयंपाकघरातला नळ. तो बिघडलेला नाही. थेंब पडत राहावेत म्हणून मी तो थोडा सोडून ठेवतो. वर पंपाची छुक्छुक् असते, माणसं असतात, कुणी ना कुणी कॉफी उकळत असतं. घरात आलो की कानांना दडे बसल्यासारखं व्हायचं. म्हणून गाडीत झोपायचो. तिथे निदान वारा असायचा.

आता वर जायचं नाही. त्यांनी मला खालच्या चौकीवर काम दिलंय. जो कुणी वर निघेल त्याच्या बोटाला चिमटा लावायचा, रक्तातला ऑक्सिजन बघायचा, आणि कमी असेल तर परत पाठवायचं. मी ज्याला दहा वर्षं चकवलं, तो आता मीच. पहिल्याच दिवशी नव्या ऑपरेटरला अडवलं. तो हसून पुढे सरकत होता. मी इतक्या जोरात ओरडलो, की कुत्री उठली. पोरगा खाली गेला, आणि मग तबकडी ज्या बाजूला आहे तिकडे मी दिवसभर बघितलं नाही.

ज्याच्यासाठी त्या दोघींना जाऊ दिलं, ते गेलं. ज्या गेल्या त्या गेल्याच. मग मी विचार करतो, की आता मला इथे कोण धरून ठेवतंय? गावातली तीन माणसं सप्टेंबरात उत्तरेला निघताहेत, वाळवंटातून. वाट दाखवणारा ओळखीचा आहे. मीही जावं म्हणतो. डॉक्टरला विचारलेलं नाही. तुला विचारतो.

ओदी


पुएब्ला, ३ ऑगस्ट २०१४

ओदी,

मी परत आले तेव्हा मोठं दार मागे बंद झालं आणि मी तिथेच पायरीवर बसून रडले. आत येताना वीस वर्षांपूर्वी रडले नव्हते. बाहेर दोनच आठवडे होते, पण तुझ्या दवाखान्यासमोरची ती पावाची गाडी, ती रोज सकाळी शिट्टी वाजवत जाणारी, तिची शिट्टी अजून कानात आहे. इथे आल्यावर मदरने मला दोन दिवस कामातून मोकळं ठेवलं. एदुविहेस आपली खुर्ची ओढत माझ्या खोलीत आली आणि नुसती बसली. तिला फारसं ऐकू येत नाही, त्यामुळे मला काही बोलावं लागलं नाही.

तू मला एक खरं सांगितलंस, मीही एक सांगते. मदर हे वाचणार आहे, वाचू दे. लोकांना वाटतं आम्ही इथे देवाशी बोलतो आणि तो आमच्याशी बोलतो. मी वीस वर्षं रोज पहाटे गुडघ्यांवर बसते, ओदी. मला एकदाही काही ऐकू आलेलं नाही. एक शब्दसुद्धा नाही. सुरुवातीला वाटायचं माझं काही चुकतंय. मग वाटलं, इथून जावं. एक वर्ष रोज वाटायचं. मग तेही थांबलं. आता मी फक्त बसते, आणि शेजारी आठ जणी बसलेल्या असतात, आणि त्यांचा श्वास ऐकू येतो. एवढंच आहे माझ्याकडे. ते कमी आहे असं मी म्हणत नाही, पण जास्तही नाही.

आता वाळवंटाचं. त्या फुफ्फुसांनी तू तीन दिवसही चालणार नाहीस, आणि हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. मरायचंच असेल तर त्याला बेनिताचं नाव देऊ नकोस. ती जन्मभर ते ओझं कुठे ठेवील? आणि तिने तुला ये म्हटलंय का? तू तिला विचारलंयस का? नोव्हेंबरपासून तू तिचा फोन उचललेला नाहीस. त्यासाठी सरहद्द ओलांडावी लागत नाही. आधी फोन कर. ती ये म्हणाली तर मी तुला अडवणार नाही, चपला सुद्धा मी घेऊन देईन. ती नको म्हणाली तर तेही ऐकून घे. नुसतं ऐक.

ताई

वाचलं. मलाही कधी काही ऐकू आलेलं नाही. पण हे बाहेर कुणाला सांगू नका.
— मदर


सान मातेओ, १२ ऑक्टोबर २०१४

ताई,

पत्राला उशीर झाला, कारण फोन करायला उशीर झाला. पूर्ण ऑगस्ट मी फोन हातात घेत होतो आणि ठेवत होतो. गावातली ती तिघं निघाली त्या दिवशी सकाळी मला हाक मारायला आली. मी दार उघडलं नाही. ती गेल्यावर फोन लावला.

बेनिताने उचलला. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. आजारपण, डोंगर सुटला, मी येतो, मी आता यायला मोकळा आहे. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, 'वरचं संपलं, म्हणून आता आम्ही आठवलो.' मी म्हणालो, तसं नाही. ती म्हणाली, 'तसंच आहे, ओदी. आणि मी आता कुणाची वाट बघत नाही, मला त्याची सवय झाली आहे. येऊ नकोस.' आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं. तू म्हणालीस तसं मी नुसतं ऐकलं. तीही फोन ठेवत नव्हती. शेवटी म्हणाली की रविवारी यारेली घरी असते, तिच्याशी बोल, ते मी अडवणार नाही.

रविवारी यारेली बोलली, पण जेमतेम. शाळा बरी आहे, थंडी पडायला लागली आहे. पंधराव्याचं मी विचारलं नाही, तिनेही काढलं नाही. मला माफी मागायची होती. ती म्हणाली, 'नको बाबा, आत्ता नको. मला उद्याचा अभ्यास आहे.' मला वाटलं आता ठेवेल. तर ती म्हणाली, 'पण तू थांब. मी फोन टेबलावर ठेवते.' आणि ठेवला.

ताई, तेव्हापासून दर रविवारी असंच चाललंय. ती फोन टेबलावर ठेवते आणि तिच्या कामाला लागते. मी इथे स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून कानाला लावून बसतो. आधी काही कळायचं नाही, नुसती खरखर. आता ओळखायला लागलोय. पेन्सिल खाली पडते. ती गुणगुणते, इंग्रजी काहीतरी. बेनिताची बहीण कुणाला तरी ओरडते. खालच्या मजल्यावर कपडे धुण्याची यंत्रं आहेत, त्यांची घरघर येते. बेनिता कामावरून येते तेव्हा आधी दार, मग किल्ल्या, मग एक बूट, मग बऱ्याच वेळाने दुसरा. तो दुसरा बूट पडेपर्यंत मी श्वास रोखून असतो. ती दमलेली असते. इथे असताना ती कधी एवढी दमलेली असायची का, मला माहीत नाही. मी बघितलंच नव्हतं.

फोन चालू आहे हे बेनिताला माहीत आहे. पहिल्या रविवारी ती टेबलापाशी आल्याचं कळलं, क्षणभर थांबली आणि निघून गेली. दुसऱ्या रविवारीही तसंच.

आज ती आली. भांडी ठेवल्याचा आवाज आला, मग काहीतरी तव्यावर टाकल्याचा. यारेली आत कुठेतरी गेली होती. मग अगदी जवळून, फोनवर वाकून बोलल्यासारखा तिचा आवाज आला.

'जेवलास का?'

एवढंच. मी हो म्हणालो. ती 'बरं' म्हणाली आणि परत तव्याकडे गेली. माझ्याशी बोलायला म्हणून थांबली नाही.

खोटंच सांगितलं मी. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. मग फोन तसाच खांद्याने कानाशी दाबून धरून मी उठलो, शेगडी पेटवली आणि दोन बटाटे उकडायला ठेवले.

ओदी